लाकडासाठी झाडं लावताय? रोपाआधी टेप घ्या

व्यापारी आला, खिशातून शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, सागाला छातीच्या उंचीवर गुंडाळली. ४१ इंच. मग तो आत वावरात शिरला. तिथे त्याच पावसाळ्यात, त्याच जड्यांपासून (लावायला घेतलेल्या मुळाच्या तुकड्यांपासून) बाबांनी लावलेला एकरभर साग दाटीने उभा होता. २३ इंच, २१, २४, पुन्हा २१. सगळी बावीस वर्षांची झाडं. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाला, "धुऱ्यावरची घेतो भाऊ. आतल्या बल्ल्या आहेत, त्या ठेवा."

धुऱ्यावरची झाडं बाबांनी उरलेल्या जड्या फुकट जाऊ नयेत म्हणून टोचली होती. आतल्या एकराला कुंपण मिळालं, शेणखत मिळालं, दोन उन्हाळे पाणीही मिळालं. पसरायला जागा मात्र मिळाली नाही, आणि विरळणी करायला, म्हणजे मधली झाडं काढून दाटी कमी करायला, बाबांचा हात कधी उठला नाही.

त्या दिवसानंतर मी लाकडाचा धंदा जरा लक्ष देऊन शिकलो. जमीन आहे, मजूर मिळत नाहीत, सोयाबीन परवडेना, म्हणून झाडं लावायचा विचार करणारे मला रोज भेटतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो.

आधी मोजमाप शिका

हे सगळ्यात पहिलं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडे गोल लाकूड मोजायची जुनी रीत म्हणजे घेराचा चौथा हिस्सा. पूर्ण घेर इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि २३०४ ने भागा (चौथा हिस्सा या आकड्यातच धरलेला आहे). उत्तर घनफुटात येतं.

दहा फूट लांबीचा ओंडका धरू. घेर १८ इंच असेल तर १.४ घनफूट, २४ इंचाला २.५, ३६ इंचाला ५.६ आणि ४८ इंचाला बरोबर १०. घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट. शंभर झाडं २४ इंचांची असतील तर अडीचशे घनफूट भरतात. तीसच झाडं, पण ४८ इंचांची, तर तीनशे. वर जाड ओंडक्याला घनफुटाचा भावही चढा, कारण त्यातून रुंद फळी निघते आणि सागाच्या बाबतीत मधलं पक्कं लाकूड जास्त मिळतं. "एकरी हजार झाडं, प्रत्येक झाड अमुक हजाराला" हे गणित मांडणाऱ्याला एवढंच विचारा, घेर किती धरलाय? बहुतेक जण तिथेच गप्प होतात.

जाता जाता एक बारकावा. या रीतीने खऱ्या आकारमानाच्या साधारण ७८ टक्केच लाकूड मोजलं जातं. ती फसवणूक नाही, चिरकामात जाणारी घट त्यात धरलेली असते. पण व्यापारी या मापाने मोजून वर पुन्हा "घट" कापायला लागला, तर तिथे अडून बसा.

गिऱ्हाईक कोण, हे रोपाआधी ठरवा

देशात लाकडाला मागणी आहे यात वाद नाही. डिसेंबर १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला चाप लावला आणि लाकूड उद्योग शेतातल्या झाडांकडे वळला. हरयाणातलं यमुनानगर शेतातल्या पॉप्लरवर आणि निलगिरीवर चालतं. आंध्रातले शेतकरी कागद गिरण्यांसाठी सुबाभूळ आणि निलगिरी लावतात. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हापासून आपल्या आरामशीनवर (लाकूड चिरायच्या गिरणीवर) आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला साग सर्रास दिसू लागला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात जंगलाबाहेरच्या झाडांतून वर्षाला सुमारे ९.१५ कोटी घनमीटर औद्योगिक लाकूड निघू शकतं, असा अंदाज आहे. म्हणजे हा बाजार मुळात शेतकऱ्याच्याच लाकडावर चालतो.

पण ती झाली देशाची मागणी. तुमच्या झाडाला मागणी आहे का, हे तुमच्या वावरापासून किती किलोमीटरवर कोणतं मशीन फिरतंय त्यावर ठरतं. लाकूड जड, आणि ट्रकचं भाडं ते स्वस्त असो की महाग, तेवढंच लागतं. टनावर विकायचं हलक्या भावाचं लाकूड लांबवर नेलं तर निम्मे पैसे डिझेलमध्येच जातात. साग मात्र लांबचा प्रवास सोसतो, त्याचा भावच तेवढा असतो.

म्हणून एक दिवस काढा आणि जवळच्या दोन आरामशीन, एक प्लायवूडचा कारखाना आणि असला तर कागद किंवा पार्टिकल बोर्डवाला, असे फिरून या. विचारायचं ते हे: कोणतं लाकूड घेता? कमीत कमी घेर किती लागतो? सालीसकट की साल काढून? भाव बांधावरचा की कारखाना पोच? वजन कोणत्या काट्यावर? पैसे किती दिवसांनी? ही उत्तरं वहीत लिहून घ्या. कोणत्याही नर्सरीच्या माहितीपत्रकापेक्षा ही दोन पानं जास्त कामाची ठरतील.

प्लायवूडवाल्याकडे गेलात तर सोलायचं मशीन चालताना बघाच. ओंडका गोल फिरतो आणि पातं त्याची कागदासारखी पट्टी काढतं. ओंडका पूर्ण गोल होईपर्यंत सुरुवातीचे तुकडे भंगारात जातात. खोड वाकडं असेल तर अर्धं लाकूड त्या ढिगातच. फांद्या का छाटायच्या आणि झाड सरळ का वाढवायचं, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं ते त्या ढिगाकडे बघून कळलं.

कागद लागवडीच्या आधी

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतलं झाड स्वतःच्या वावरात, स्वतःच्या हाताने लावलेलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन ही नावं त्यात आहेत. विरळणीसाठी पाच वर्षांचा साग कापायचा तरी अर्ज करावा लागतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. निलगिरी आणि सुबाभूळ त्या अनुसूचीत नाहीत. बांबूचा प्रश्न २०१७ मध्ये सुटला. भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला.

तोड वेगळी आणि वाहतूक वेगळी. लाकूड रस्त्यावर आलं की वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो लागू शकतो. तुम्ही निवडलेल्या जातीला तो लागतो का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आत्ताच विचारा. परराज्यात माल जाणार असेल तर डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन राष्ट्रीय पास व्यवस्था सुरू झाली आहे. शेतातल्या झाडांची तोड सोपी व्हावी म्हणून केंद्राने जून २०२५ मध्ये नमुना नियमही काढले. पण नमुना नियम म्हणजे राज्यांना सल्ला असतो. तुमच्या कार्यालयात काय चालतं ते तिथेच जाऊन कळेल.

आता सातबारा. दरवर्षी ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करा, बांधावरची झाडंसुद्धा. २०२१ पासून हे मोबाइलवर होतं. पंधरा वर्षांनी तोडीचा अर्ज कराल तेव्हा झाडं तुमची, तुम्ही लावलेली, हे दाखवायला हीच नोंद उपयोगी पडते. शेजारी राखीव जंगल असेल किंवा भावकीत हद्दीचा वाद असेल, तर आधी मोजणी करून घ्या. झाड मोठं झाल्यावर हद्द सरकवणं म्हणजे भांडण विकत घेणं. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे, तेव्हा त्यांच्याकडून परस्पर सौदा करू नका.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठीही थोडं लिहितो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन किंवा मळा विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकतो. त्यामुळे "तुम्ही फक्त पैसे द्या, झाडं आम्ही सांभाळू, वीस वर्षांनी वीसपट" अशी योजना आली की कान टवकारा. नव्वदच्या दशकात असल्या सागाच्या योजनांत हजारो मध्यमवर्गीयांचे पैसे बुडाले आणि गुंतवणूक बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. नोंदणी आहे का, हे पहिलं विचारा. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे दुसरं.

जात निवडताना

साग हा सावकाश मोठा होणारा, पण खात्रीचा. गडचिरोली-चंद्रपूरचा साग देशात नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड याच भागातून, वन विकास महामंडळाच्या बल्लारशहा आगारातून गेलं. पण तो साग जंगलात पिढीभर उभा राहिलेला असतो. वावरातला वीस वर्षांचा साग त्याच भावाने जाईल असं धरू नका, त्यात कडेचं पांढरं लाकूड बरंच असतं. सागाला निचरा हवा. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या रानात तो पिवळा पडून रडत बसतो. मुरमाड, उताराची, खाली मूळ जाऊ देणारी जमीन त्याला मानवते. पावसाळ्यात अळीने पानांची जाळी केलेली दिसली तरी घाबरू नका, झाड मरत नाही, फक्त त्या वर्षीची वाढ मार खाते.

मेलिया डुबिया, आपल्याकडचा निंबारा, प्लायवूडसाठी सध्या सगळीकडे विकला जातो. पाणी आणि निचरा दोन्ही असेल तर सहा ते आठ वर्षांत कापायला येतो. कोरडवाहू हलक्या जमिनीत त्याची ही चाल राहत नाही. इथे माझाही पाय घसरला. एका नर्सरीतून आणलेली तीनशे रोपं दुसऱ्या वर्षी डोक्याएवढ्या उंचीवरच फांद्या फोडून छत्रीसारखी पसरली. जाणकाराला दाखवली तर म्हणाला, ही बकाण. बकाण निंब आणि निंबारा लहानपणी सारखेच दिसतात. आता मी रोप घेण्याआधी नर्सरीवाल्याला त्याच्या रोपांपासून वाढलेला चार वर्षांचा प्लॉट दाखवायला सांगतो. प्लॉट नसेल तर तिथून रिकाम्या हाताने परत. हाच नियम 'ऑस्ट्रेलियन साग' विकणाऱ्याला लावा. ती मँजियम बाभूळ असते, सागाशी तिचं नातं नावापुरतंच.

निलगिरी कागदासाठी. चार-पाच वर्षांत कापणी, आणि उसासारखा तिचा खोडवा, म्हणजे कापलेल्या बुंध्याच्या फुटीचं पुढचं पीक, घेता येतो. क्लोनचं (एकाच निवडक झाडापासून तयार केलेलं) रोप घेतलं तर झाडं एकसारखी वाढतात. आजूबाजूच्या पिकाला ती पाणी आणि ऊन दोन्हीला भिडते, म्हणून विहिरीच्या तोंडाशी मी लावणार नाही.

सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला हे सगळं वाचून हसू येईल. त्याच्याकडे माणगा बांबू आहे. भरीव, बिनकाट्याचा, एकदा बेट धरलं की दरवर्षी पक्व काठ्या निघतात, आणि त्या टोमॅटोच्या मांडवापासून कितीतरी कामांना परराज्यात जातात. दरवर्षी हातात पैसा हवा असेल तर झाडापेक्षा बांबू बरा, हे मी साग लावणारा असूनही सांगतो.

चंदनाबद्दल लोक फार विचारतात. ते अर्धपरजीवी झाड आहे, शेजारी तुरीसारखं यजमान झाड लागतंच. पण खरा प्रश्न चोरीचा. घर वावरात नसेल तर नको.

लागवड

एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. याला दोन झाडांतल्या आणि दोन ओळींतल्या अंतराने भागा, झाडांची संख्या निघते. १० बाय १० फुटांवर ४३५, आणि निंबाऱ्याला योग्य अशा ४ बाय ४ मीटरवर सुमारे २५०. साग २ बाय २ मीटरवर लावला तर हजाराच्या आसपास बसतो. ती दाटी खोड सरळ जावं म्हणून असते, कायम ठेवायला नव्हे. विरळणी करणारच नसाल तर सुरुवातीपासून ४ बाय ४ लावा आणि फांद्या छाटायची तयारी ठेवा.

आंतरपीक घ्यायचं असेल तर ओळीत जवळ आणि ओळींमध्ये पंधरा-सोळा फूट, ट्रॅक्टर फिरेल असं. ओळी उत्तर-दक्षिण, म्हणजे सावली दिवसभर सरकत राहते. पहिली दोन वर्षं सोयाबीन-हरभरा आरामात येतो, सावली पडू लागली की हळद.

सागाची जडी म्हणजे वर्षभराच्या रोपाचं मूळ आणि त्यावर बोटाच्या पेराएवढा खोडाचा तुकडा. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, ताजी. वाळलेली, साल सुरकुतलेली परत करा. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि जमीन वीतभर ओली झाली की सब्बलने (पहारीने) भोक पाडायचं, जडी सोडायची, डोळा जमिनीच्या जरा वर ठेवायचा. मग बाजूला पुन्हा सब्बल मारून माती जडीकडे दाबायची. आत पोकळी राहिली तर पाणी साचून जडी कुजते. ओढून बघा. हलली तर पुन्हा दाबा. मजुराचा हात दुपारनंतर हलका पडतो, म्हणून मी चारनंतरच्या ओळी स्वतः तपासतो.

बाकीच्या रोपांना दीड फुटाचा खड्डा, उन्हाळ्यात तापवलेला, शेणखत-माती भरून. उधईचा (वाळवीचा) त्रास असेल तर कच्चं शेणखत टाकू नका. पहिल्या पावसाळ्यात मेलेल्या जागा ऑगस्टपर्यंत भरून घ्या. पुढच्या वर्षी भरलेलं रोप शेजाऱ्याच्या सावलीत कायमचं खुजं राहतं.

आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. रोही रोप खातो त्यापेक्षा अंग घासून मोडतो जास्त. पहिली तीन वर्षं कुंपणावरचा खर्च रोपांपेक्षा मोठा होईल, तो आधीच धरा. आणि फेब्रुवारीत सागाची पानं गळून वावर काडेपेटीसारखं होतं. कडेने दहा फूट पट्टा नांगरून जाळरेषा ठेवा. शेजारी धुरा पेटवणारच, त्याला समजावण्यात वेळ घालवू नका.

फांद्या आणि विरळणी

पहिल्या दोन वर्षांत बाजूचे कोंब हाताने खुडा. बोटाएवढी फांदी झाली तर धारदार करवतीने, खोडालगत, पण सालीला इजा न करता. कुऱ्हाड नको. उशिरा तोडलेल्या जाड फांदीची गाठ लाकडात कायम राहते आणि सोलताना तिथे पट्टी फाटते. निंबाऱ्याचं खोड वीस फुटांपर्यंत स्वच्छ ठेवा. एका वेळी झाडाचा वरचा अर्धा पाला तरी राहू द्या, नाहीतर जाडी धरत नाही.

दाट सागात पाचव्या वर्षाच्या आसपास निम्मी झाडं, दहाव्याला उरलेल्यातली निम्मी. वाकडी, दुबेळकी (दोन खोडं फुटलेली), मागे पडलेली आधी. निघालेल्या बल्ल्या गोठ्याला, मांडवाला जातात, मजुरी निघते. कापलेल्या बुंध्याला फूट येते तीही काढत राहा, नाहीतर दाटी पुन्हा तिथेच. दरवर्षी जानेवारीत वीस झाडांवर रंगाचा पट्टा मारून त्याच जागी घेर मोजा आणि वहीत लिहा. दोन वर्षं लागोपाठ घेर जेमतेम वाढला तर झाडं एकमेकांना खातायत असं समजा.

पैशाचं गणित

बँकेत ८ टक्क्यांनी ठेवलेला रुपया ९ वर्षांत दोन होतो, १८ वर्षांत चार, २७ वर्षांत आठ. सागावर पहिल्या तीन वर्षांत एकरी लाख रुपये गेले असं समजा. अठराव्या वर्षी तोडून, मजुरी-वाहतूक वजा जाऊन चार लाख आले तर तुम्ही बँकेशी बरोबरी केली, इतकंच. त्या जमिनीत पीक घेतलं असतं ते वेगळं. हिशोब मांडताना झाडं शंभरातली सत्तर धरा, भाव आजचाच धरा, घेर शेजारच्या गावातल्या खऱ्या झाडाचा धरा. एवढं करूनही बेरीज जमली तर लावा. कार्बन क्रेडिटचे (झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल मिळणारे) पैसे या हिशोबात धरू नका, आले तर सणासुदीला खर्च करा.

पडीक, उताराची, पिकाला नालायक जमीन असेल तर हे गणित एकदम बदलतं, कारण तिथे सोडून द्यायला दुसरं पीकच नसतं. धुऱ्याचं तर विचारूच नका. मी आता सगळ्यांना धुऱ्यापासून सुरुवात करा म्हणतो. फक्त शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडणार नाही हे बघा.

कराबाबत, नांगरून, लावून, जोपासून वाढवलेल्या झाडांचं उत्पन्न शेतीचं उत्पन्न धरलं जातं, आपोआप उगवलेल्या झाडांचं नाही. १९५७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हा फरक चालत आला आहे. म्हणून रोपांची, मजुरीची बिलं जपून ठेवा.

विक्री

उभं झाड गुत्त्याने देऊ नका. "सगळी मिळून इतके" असं म्हणणाऱ्याने मनातल्या मनात टेप लावलेली असते. आधी स्वतः प्रत्येक झाडाचा घेर आणि सरळ खोडाची लांबी मोजा, नंबर घाला, मग किमान तिघांना दाखवा. टनावर विकायचं लाकूड तोडल्यापासून दिवसागणिक सुकून हलकं होतं, तेव्हा गाडी आणि काटा ठरल्याशिवाय तोड सुरूच करू नका. ओंडके कापताना गिऱ्हाईकाने सांगितलेल्या मापाच्या वर दोन-तीन इंच सोडा. नऊ फूट दहा इंचाचा ओंडका दहा फुटांत मोजत नाहीत, तो नवात जातो.

धुऱ्यावरचे साग शेवटी विकले तेव्हा अर्ज, पाहणी, खुणा, तोड, हातोड्याचा शिक्का सगळं रीतसर झालं. वाहतुकीचा पासही मिळाला. सकाळी व्यापाऱ्याचा ठरलेला ट्रक पंक्चर झाला म्हणून त्याने दुसरा पाठवला आणि आम्ही आनंदाने भरून दिला. पासावर नंबर पहिल्या ट्रकचा होता. नाक्यावर गाडी रात्रभर उभी राहिली, पास बदलून घ्यायला दुसरा अख्खा दिवस गेला आणि ड्रायव्हरच्या जेवणासकट खोटीचे, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे, पैसे माझ्याच बिलातून कापले गेले. तेव्हा गाडी भरायच्या आधी पास हातात घ्या, गाडीच्या पुढे जाऊन उभे राहा आणि नंबर जुळवून बघा.